न सापडलेल्यांची यादी

अंबादासमामांशी माझी खरी ओळख भांडणाने झाली. त्या भांडणात मी हरले होते, हे आज पहिल्यांदाच लेखी कबूल करते आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या सुट्या भागांचं एक जुनं दुकान आहे. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या मागांना जे जे लागतं ते सगळं तिथं मिळतं. मालक बसवराजशेठ. एका दिवाळीनंतर त्यांच्या मनानं घेतलं की आपल्या दुकानाची वेबसाइट पाहिजे, आणि त्या कामावर त्यांनी मला ठेवलं. मी मूळची नातेपुत्याची. लग्न होऊन सोलापुरात येईपर्यंत माग कसा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. पण संगणक येत होता आणि आत्मविश्वास दांडगा होता. तीन महिने खपून मी दुकानातली एकूणएक वस्तू फोटोसकट साइटवर चढवली. कंपनीच्या पुस्तकातलं नाव, नंबर, माप, सगळं तंतोतंत. वर शोधायची चौकट ठेवली. शेठनी पेढे वाटले.

पेढा घेऊन मी काउंटरवर गेले. तिथं मामा बसत. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर टॉवेल आणि खिशात सहा इंची पोलादी पट्टी. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, अक्कलकोटकडचा माणूस आला तर कानडी आणि हमालांशी दखनी, अशा चार भाषा ते एकाच दमात बोलत. त्यांनी पेढा मोडून अर्धा तोंडात टाकला, अर्धा कागदात गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, "दाव की तुझं मशीन."

मी मोबाइल पुढे धरला. "काय शोधू, मामा?"

"लिव. धोटा अडकतोय."

धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकाला धावणारा लाकडी तुकडा, एवढं मला एव्हाना कळलं होतं. मी लिहिलं. खाली उत्तर आलं, काहीही सापडलं नाही.

"लिव, काठाला भोकं पडत्यात."

काहीही सापडलं नाही.

"माग मधीच धाडकन थांबतोय, असं लिव."

काहीही सापडलं नाही.

मामांनी मान वळवून छतापर्यंत भरलेल्या फळ्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. "एवढं दुकान भरलंय, आनि ही म्हनती काय न्हाय. अम्मा, हितं बसून मी तीन गिऱ्हाइकाला असं न्हाय म्हनलं असतं, तर शेठच्या वडलांनी चौथं यायच्या आत मला घालवलं असतं."

मला राग आला. मी म्हटलं, असं कोणी शोधतं का? वस्तूचं नाव लिहायचं असतं. तर ते थंडपणे म्हणाले, "नाव तुला म्हायती, कंपनीला म्हायती. मागवाल्याला कुटं म्हायती? त्याला दुखनं म्हायती हाय. तो दुखनं सांगतोय, वस्तू आपुन काढायची."

मी हट्टाला पेटले. आठवडाभर काउंटरच्या टोकाला खुर्ची टाकून बसले आणि आलेला प्रत्येक माणूस काय बोलतो ते वहीत जसंच्या तसं उतरवलं. मामांना खोटं पाडायचं म्हणून हे सगळं चाललं होतं. शनिवारी वही वाचली. आठवड्यात एकाच माणसानं वस्तूचं नाव अचूक घेतलं होतं, आणि तो कंपनीचा विक्रेता होता. बाकी सगळे दुखणंच सांगत आले होते. आवाज येतोय, वास येतोय, कापड एका बाजूला जाड होतंय, परवापासून बिघडलंय, सासरे होते तेव्हा असं होत नव्हतं.

मी वही मिटली आणि मामांसमोर गेले. वाटलं होतं, आता टोमणा बसणार. ते म्हणाले, "भाकरी खाल्लीस?" आणि डब्यातली कडक भाकरी व शेंगाची चटणी माझ्याकडे सरकवली. जिंकल्यावर गप्प बसणारी माणसं मी आयुष्यात फार थोडी पाहिली आहेत. आमच्या घराण्यात तर एकही नाही.

त्यानंतर आमची शिकवणी सुरू झाली. मी एकेक वस्तू साइटवर उघडायची आणि मामांनी ती हातात घेऊन, हिच्यासाठी माणसं काय काय बोलत येतात ते सांगायचं. ते शब्द मी वस्तूच्या पोटात भरायची. मोबाइलला ते स्वतः कधी हात लावत नसत. "माझ्या बोटाला तेल असतंय," म्हणायचे. ते खरंही होतं आणि सबबही. कुठलाही माणूस नाव आठवायला लागला, की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "नाव सोडा. ते काय करतंय सांगा." मंगळवेढ्याचा असो की शेजारच्या गल्लीतला, हे ऐकलं की माणूस सैल व्हायचा आणि हातवारे करून सांगू लागायचा. मामा त्या हातवाऱ्यांकडे फार बारकाईनं बघत. वस्तूचं माप ते हातवाऱ्यावरून ओळखत आणि मग खिशातली पट्टी लावून खात्री करत.

तरुणपणी स्वतः मागावर उभं राहून त्यांचा डावा कान गेला होता. तरी फोनवर तक्रार आली, की ते सांगत, "बोलू नका. फोन मागाजवळ न्या." मग फोन कानाला न लावता कानामागच्या हाडावर दाबून धरत आणि डोळे मिटत. दुकानातला सगळा गलका चालू असायचा आणि हे आपले देवळात उभे असल्यासारखे. मिनिटभरानं डोळे उघडून, कुठला भाग घ्यायला या, ते सांगत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे सोंग वाटलं. त्यांचं निदान चुकलेलं एकदा बघायला मिळावं म्हणून मी बरेच दिवस टपून होते. एकदा चुकलंही. त्या माणसानं फोन चुकून शेजारच्याच्या मागाजवळ नेला होता.

मामांच्या उत्साहानं मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं. शब्द भरायची त्यांना इतकी गोडी लागली, की कुठलाही शब्द कुठल्याही वस्तूला चालतो असं त्यांना वाटू लागलं. "हे पन घाल, कोनतरी म्हनतंय." मीही घालत गेले. एक दिवस शेठनी स्वतः चौकटीत 'पट्टा' लिहिलं आणि पानंच्या पानं उघडत गेली. त्यात पट्टा सोडून सगळं होतं. शेठ मला बोलले. मी मामांना बोलले. मामा थोडा वेळ स्टुलावर पाय हलवत बसले, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून उठून त्याच्यासमोर एक, दोन, तीन वस्तू ठेवल्या. चौथी हातात होती, ती परत फळीवर गेली.

"बगितलंस?" ते म्हणाले. "मी कवाच चौथी ठेवत न्हाय. चौथी ठेवली की गिऱ्हाईक म्हनतंय, घरी इचारून येतो. गेलं की येत न्हाय."

चाळीस वर्षं ते हे करत होते आणि ते त्यांच्या आजच लक्षात आलं होतं. आम्ही पुन्हा सगळं उपसलं. प्रत्येक दुखण्याला नेमक्या तीन वस्तू आधी दिसतील, बाकीच्या खाली, अशी मांडणी केली. त्या कामाला पूर्ण उन्हाळा गेला. दुकानात एकच पंखा होता आणि तो मामांच्या डोक्यावर होता, याची नोंद इथं करून ठेवते.

आता त्या यादीबद्दल. लोकांनी चौकटीत जे जे लिहिलं आणि ज्याला काहीही सापडलं नाही, त्या सगळ्या ओळींची यादी साइट रोज मला देत असे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या नापासाची गुणपत्रिका मी शेठना कशाला दाखवू? पण एकदा मी ती घाईघाईनं झाकताना मामांनी पाहिलं. काय आहे म्हणाले. मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे दारापत्तुर आलेली आनि रिकाम्या हातानं गेलेली मानसं. ती तू लपवून ठिवतीस?"

दुसऱ्या दिवसापासून ती यादी छापून त्यांच्यापुढे ठेवायची असा हुकूम झाला. दहाचा चहा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि ती यादी. वर्तमानपत्र नंतर. गंमत म्हणजे यादीत कोणाचं नाव नसायचं, नुसत्या ओळी असायच्या. पण मामा त्या ओळींतून माणसं ओळखत. "हा मास्तर हाय, पूर्णविराम देतोय." "ह्याला घाई हाय, माग बंद पडलाय ह्याचा."

एकदा यादीत आलं, 'हिरवं चाक'. मी म्हटलं, मामा, आपल्याकडे हिरव्या रंगाचं काहीही नाही, कोणीतरी खेळणं शोधतंय. मामांनी चष्मा काढला. "हा मैंदर्गीकडचा," म्हणाले. शहरात फार वर्षांपूर्वी एक गिरणी बंद पडली तेव्हा तिथले माग बाहेरगावी विकले गेले होते. त्या गिरणीच्या मालकाला हिरव्या रंगाचं वेड. त्यानं मागाची सगळी चाकं हिरवी रंगवून घेतली होती. ते माग ज्यांच्या घरी गेले त्यांच्या पोरांनी पहिल्यापासून हिरवंच चाक पाहिलं. त्यांच्या लेखी कापड गुंडाळणाऱ्या चाकाचं नावच ते झालं. मी निमूटपणे ते शब्द त्या चाकाला जोडले. पुढच्या आठवड्यात मैंदर्गीहून चार माणसं ते चाक मागायला आली, आणि राखाडी रंगाचं चाक बघून चौघांनीही विचारलं, हिरवं नाही का? शेवटी मामांनी रंगाचा डबा आणून ठेवला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग संक्रांत झाल्यावर एका सकाळी यादीत एक ओळ आली.

'एका हातानं माग चालवता येतो का.'

मामांनी ती वाचली आणि चहा खाली ठेवला. मी विचारलं, कोण आहे हा? ते म्हणाले, "म्हायती न्हाय." हे शब्द त्यांच्या तोंडून यादीच्या बाबतीत मी पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी ओळ होती, 'डाव्या हातानं धोट्यात कांडी भरणे.' कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसणारी धाग्याची नळी. ती संपली की बदलावी लागते, आणि तिला दोन हात लागतात. तिसऱ्या दिवशी, 'एका हातानं गाठ मारणे.' चौथ्या दिवशी काही नव्हतं. पाचव्या दिवशी यादीच्या अगदी तळाला होतं, 'जुना माग विकायचा आहे.'

"तोच," मामा म्हणाले.

"कशावरून?"

"आधी तीन दिस इचारलं आनि आपुन तीन दिस न्हाय म्हनलं. आता तो दुसरं काय करंल?"

मी खरंच हादरले. माझ्या त्या चौकटीनं एका माणसाला तीनदा न्हाय म्हटलं होतं आणि तो माणूस कुठंतरी आपला माग भंगारात काढायला निघाला होता. मामांनी मला त्याचा पत्ता काढायला सांगितलं. मी समजावलं, की साइटला नुसते शब्द कळतात. माणूस, गाव, फोन काही कळत नाही. मामा बराच वेळ त्या कागदावर पट्टी आपटत राहिले. मग म्हणाले, "त्याला आपुन गाठू शकत न्हाय. पन तो परत तितंच येऊन इचारनार की. उत्तर तितंच ठिवू."

म्हटलं, ठेवते, दुकानात या म्हणून लिहिते. त्यावर ते भडकले. "या म्हनून काय सांगतीस? आला आनि आपल्याला सांगता आलं न्हाय तर? एका हातानं चालतोय का न्हाय, हे तुला म्हायती? मला म्हायती?"

तर मामांनी ते माहीत करून घ्यायचं ठरवलं. त्यांच्या ओळखीच्या एका विणकराच्या घरी जाऊन त्यांनी आपला उजवा हात खांद्यावरच्या टॉवेलनं कमरेला बांधून घेतला. गाठ मी मारली. घट्ट मार, म्हणाले. आणि साठी ओलांडलेला तो माणूस डाव्या हातानं माग चालवायला उभा राहिला. मी वही घेऊन स्टुलावर बसले होते, घरातली माणसं दारात उभी राहून हसत होती.

पहिल्या दिवशी काहीही जमलं नाही. माग चालू-बंद करायचा दांडा उजवीकडे, तिथवर डावा हात पोचेना. कांडी बदलताना धोटा मांडीवरून घसरून दोनदा पायावर पडला. तुटलेल्या धाग्याची गाठ तर बसेचना. धागा दातात धरून झाला, कोपराखाली धरून झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते अचानक थांबले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, दमले. जवळ गेले तर डोळ्यांत पाणी होतं. "मला कंटाळा आला तर मी हा हात सोडू शकतोय," एवढंच म्हणाले. मी त्या दिवशी त्यांना घरी सोडून आले.

तिसऱ्या दिवशी जमलं. दांड्याला लोखंडी नळी जोडून तो डावीकडे आणला. मागाच्या शेजारी खोबण पाडलेला लाकडी ठोकळा ठोकला; खोबणीत धोटा घट्ट बसायचा आणि एकाच हातानं कांडी बदलता यायची. गाठीचा तिढा एका कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं सोडवला. तो मागाच्या पुढच्या दांडीला बांधला, धाग्याचं एक टोक त्याच्या तोंडात दिलं आणि दुसरं बोटानं फिरवून ओढलं. माग आधी थांबवायचा, मग हात घालायचा, हे त्यांनी माझ्याकडून वहीत तीनदा लिहून घेतलं. संध्याकाळी त्यांनी एक वीतभर टॉवेल विणला. एक काठ वाकडा होता. बाकी टॉवेल चांगला होता.

मग त्यांनी मला मजकूर सांगितला आणि मी तो साइटवर चढवला. त्या माणसानं विचारलेले सगळे शब्द त्याला जोडले. माग विकण्याचेही जोडले. मजकूर असा होता: 'चालतो. मी तीन दिवस स्वतः चालवून बघितला आहे. पहिल्या दिवशी जमत नाही. दुसऱ्या दिवशी रडू येतं. तिसऱ्या दिवशी जमतं. त्याला तीन वस्तू लागतात, त्या खाली दाखवल्या आहेत. माग विकू नका. आधी दुकानात या आणि काउंटरवर अंबादास म्हणून विचारा.'

रडू येतं हे दुकानाच्या साइटवर बरं दिसत नाही, असं मी म्हटलं. मामा म्हणाले, तेवढं तरी राहू दे, बाकीचं वाटल्यास काढ. ते राहिलं.

त्यानंतर मामा रोज सकाळी यादीत ती ओळ शोधू लागले. ती येईना. चार दिवस झाले, आठ झाले. मामांचा चेहरा उतरत चालला. "इकला गं त्यानं माग," ते म्हणाले. मीही त्यांच्यासोबत सुतकी चेहरा करून बसले, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती यादी न सापडलेल्यांची होती. ज्याला सापडलं, तो तिच्यात येणारच कसा? मी धावत जाऊन दुसरी यादी काढली, लोकांनी उघडलेल्या पानांची. आमचं पान एका दुपारी उघडलं गेलं होतं. एकाच दुपारी, अकरा वेळा.

मामांनी मला तो आकडा दोनदा वाचायला लावला. मग त्यांनी टॉवेल झटकून काउंटर पुसला, जो स्वच्छच होता.

दोन दिवसांनी सकाळच्या गर्दीत एक बाई दुकानाबाहेर उभी दिसली. पस्तिशीची असेल. पदर उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घेतलेला. येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी जाऊ देत होती. आम्ही बाप्याची वाट बघत होतो, त्यामुळे माझं लक्षही गेलं नाही. मामांचं गेलं. ते काउंटरची फळी उचलून बाहेर आले. गिऱ्हाइकासाठी त्यांना काउंटर ओलांडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. तिच्यासमोर जाऊन ते तेलुगूत म्हणाले, "रा अम्मा, कूर्चो." ये, बस, एवढाच त्याचा अर्थ, पण ती बाई तिथंच पायरीवर बसून रडायला लागली.

तिचं नाव सरोजा. गाडीवरून पडून तिचा उजवा हात कोपरापासून निकामी झाला होता. घरात एक माग, तो ती स्वतः चालवायची. शोधताना ती मोबाइलशी बोलून शोधायची, कारण लिहायचा हात गेला होता. आणि राहायची कुठं, तर आमच्या दुकानाच्या मागच्या दुसऱ्या गल्लीत.

"हाकेच्या अंतरावर राहतीस," मामा म्हणाले. "मग हितं येऊन इचारायचं न्हाय व्हय?"

"समोर इचारायला लाज वाटायची, मामा," ती म्हणाली. "लोकं आधी हाताकडं बगत्यात, मग तोंडाकडं. मोबाइल बगत न्हाय की."

दुपारी जेवताना मामा भाकरी तशीच हातात धरून म्हणाले, "इतकी वर्सं मला वाटत हुतं, ज्याला पायजे तो माझ्यापुढं येतोय." त्या दिवसापासून त्यांनी माझ्या साइटला मशीन म्हणायचं सोडलं. 'आपली चौकट' म्हणू लागले.

सरोजाचा माग विकायचं तिच्या भावानं ठरवलं होतं. भाऊ वाईट नव्हता; बहिणीचा दुसरा हातही मागात जाईल म्हणून तो धास्तावला होता. मामा त्याला भेटले. शेवटी ठरलं असं, की सरोजानं त्याच्यासमोर एक अख्खा टॉवेल एकटीनं विणून दाखवायचा. दाखवला तर माग राहील, नाहीतर सोमवारी जाईल. मामांनी त्या तीन वस्तू तिच्या मागाला स्वतः बसवल्या आणि तिनं चार दिवस हात बसवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि मी सोलापूर सोडलं. मामाही पुढे मुलीकडे तेलंगणात राहायला गेले, असं शेठ फोनवर म्हणाले. यादी वाचायला आता सरोजाच येते, हेही त्यांनीच सांगितलं. पण मामा मला आठवतात ते त्या रविवारी सकाळी, सरोजाच्या घरी.

माग सुरू झाला. भाऊ हाताची घडी घालून उभा, मामा मागाच्या अगदी जवळ. वीतभर कापड निघालं असेल, तोच सरोजानं मान न वळवता सांगितलं, "मामा, तुमी भाईर बसा. तुमी बगितलं की मला घाई हुती."

मामा मुकाट्यानं बाहेर येऊन उन्हात पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून. मी शेजारी बसले. आत खटखट चालू होती आणि अचानक ती थांबली. धागा तुटला होता. मी उठायला लागले तर मामांनी माझं मनगट धरलं.

"बस."

आत काही आवाज नव्हता. समोरच्या घरातली बाई धुणं पिळता पिळता थांबून बघत होती. मामांची पकड इतकी घट्ट होती की माझा हात दुखायला लागला. किती वेळ गेला कोण जाणे. मग माग सुरू झाला. मी हुश्श केलं आणि मामांकडे पाहिलं. ते तसेच खाली मान घालून बसले होते.

"झालं की, मामा. बसली गाठ."

"थांब. एकदा बसती कवा कवा."

थोड्या वेळानं माग पुन्हा थांबला. या वेळी मी श्वास घ्यायच्या आत पुन्हा चालू झाला. मामांनी माझं मनगट सोडलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "चल. मला आता चहा पायजे."

"टॉवेल पुरा झालेला बघायचा नाही?"

"तिचा भाऊ बगतोय की," ते म्हणाले आणि चालू लागले. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावरून फिरवला आणि वळले. मी मात्र उठले नाही. आत माग चालू होता, आणि मला तो पुरा ऐकायचा होता.